भोवत्यांचा रातथारा कोण मोजणार? वनविभागाला आणि विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य,
कुंडल आणि चंद्रपूर इथल्या वन प्रबोधिन्या,
आणि राज्यातल्या विद्यापीठांचे प्राणीशास्त्र विभाग

सर, मॅडम, नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या माळांवर दर हिवाळ्यात लांबून येणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा वर्षानुवर्षं चालेल असा अभ्यास सुरू करा आणि तो अभ्यास करणारी माणसं इथल्याच तालुक्यांतून, इथल्याच वनरक्षकांतून, धनगरांच्या पोरांतून, कॉलेजच्या मुलामुलींतून तयार करा. एवढंच मागणं आहे. त्यासाठी माळावरच एक छोटं पण कायमचं केंद्र लागेल. इमारत मोठी नको, उद्घाटन मोठं नको, पण दर हिवाळ्यात तिथे कुणीतरी मोजत बसलेलं पाहिजे आणि त्याच्या शेजारी कुणीतरी शिकत बसलेलं पाहिजे. पत्र लांबणार आहे, विषयच तसा आहे, तेवढा वेळ काढून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी हे पक्षी कोण ते सांगतो, कारण हे पत्र नुसते साहेब लोक नाही तर बाकीचेही वाचतील. सप्टेंबर संपता संपता नान्नज, रेहेकुरी, सुप्याचं मयूरेश्वर, इंदापूरकडची कडबनवाडी, सासवडच्या बाजूचे उघडे माळ, इथे गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगत जाणारे सडपातळ पक्षी दिसायला लागतात. ते हॅरियर, मराठीत भोवत्या. त्यात माँटेग्यू हॅरियर असतो, पॅलिड हॅरियर म्हणजे पांढुरका भोवत्या असतो, पाणथळ जागी आणि धरणाच्या काठाला मार्श हॅरियर असतो. आपल्याकडे येणारे माँटेग्यू आणि पॅलिड कझाकस्तान, रशियाकडच्या गवताळ प्रदेशात जमिनीवर घरटी करतात आणि हिवाळा आपल्याकडे काढतात, मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने हे पक्षी आपल्या गायरानावर, तुरीच्या नि ज्वारीच्या बांधावर आणि वनविभागाच्या कुरणात असतात. पिल्लं तिकडे होतात हे खरं, पण ती पिल्लं पहिला हिवाळा जगणार की नाही ते इकडे ठरतं.

पॅलिड हॅरियर आज जगाच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे. त्याच गवताळ प्रदेशातून भारतात येणारा स्टेप ईगल तर २०१५ पासून थेट संकटग्रस्त. २०२३ साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवाल आला त्यातही हेच आहे, उघड्या माळावरचे पक्षी आणि शिकारी पक्षी दोन्ही घसरणीला लागलेत, आणि हॅरियर तर या दोन्ही गटांत मोडतो. पण देशाचा आकडा वेगळा आणि आपल्या रेंजमध्ये, म्हणजे वनपरिक्षेत्रात, काय चाललंय ते वेगळं. बारामती रेंजमध्ये, करमाळ्यात, आटपाडीत, माण-खटावमध्ये यंदा किती होते, गेल्या वर्षी किती होते, दहा वर्षांपूर्वी किती होते, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला आपल्याकडे सलग, एकाच पद्धतीने ठेवलेलं रजिस्टर कुठाय? हौशी लोकांचे फोटो भरपूर आहेत, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदीही आहेत आणि त्या मोलाच्याच आहेत, पण रविवारी गाडी काढून रस्त्यावरून बघितलेले पक्षी आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी मोजलेले पक्षी यात फरक असतो हे विद्यापीठातल्या मंडळींना मी सांगायला नको.

मोजायची जागा कोणती? रातथारा. दिवसभर हे पक्षी कित्येक किलोमीटरवर पांगलेले असतात, एकेकटे. पण संध्याकाळी सगळे एका ठराविक गवतात रात्र काढायला गोळा होतात. आणि हे झाडावर नाही बसत, जमिनीवर बसतात, गुडघाभर गवतात, प्रत्येकाची स्वतःची दबलेली जागा. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा बघाच. सूर्य टेकायच्या आधी पहिले दोन-चार येतात आणि जवळच्या मोकळ्या ढेकळांवर नुसते बसून राहतात, काहीच करत नाहीत. मग चारी बाजूंनी एकेक, दोन-दोन, खालून येतात, बसलेले पुन्हा उठतात, सगळे मिळून त्या गवतावर घिरट्या घालतात, एखादा खाली पडल्यासारखा उतरतो आणि लगेच परत उठतो, बहुतेक तिथे आधीच कुणी बसलेलं असतं म्हणून. करडे पांढरे नर लांबूनही ओळखू येतात, तपकिरी माद्या आणि पोरं मात्र शेपटीच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरूनच कळतात. त्याच गवतातून आखूड कानांचं घुबड उठून निघतं, तेही स्थलांतर करून आलेलं, त्याचा दिवस तेव्हा सुरू होतो. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि त्यातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं खरी, कारण उजेड जाता जाता धडाधड उतरतात. एकट्या माणसाला हे मोजता येत नाही. तीन बाजूंना तीन माणसं बसवायची, आभाळ वाटून घ्यायचं, आत येणारा अधिक आणि बाहेर जाणारा उणे करायचा, आणि घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांचे आकडे लिहायचे. अवघड नाही. पण शिकवावं लागतं, आणि तीच माणसं तीच पद्धत घेऊन दर वर्षी परत यावी लागतात.

गुजरातमधल्या वेळावदरला असा रातथारा आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. तिथे नव्वदच्या दशकापासून लोकांनी येऊन मोजलं म्हणून आज तिथली घट आकड्यात बोलता येते. आंध्रातल्या रोलापाडूचा रातथारा रोडावला तेही बंगळुरूच्या अॅट्री या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं म्हणून कळलं. आपल्याकडे एखादा रातथारा उठून गेला तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी आज परिस्थिती आहे, आणि मला मनापासून वाटतं की असे काही उठून गेलेतही.

का उठतात हे माळावर हिंडणाऱ्या कुणालाही दिसतं. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे वाया गेलेली जमीन, हा हिशोब कागदावर अजून तसाच आहे. मग तिथे सलग समतल चर मारायचे, गिरिपुष्प लावायचं, टार्गेट पूर्ण करायचं. माझं झाडांशी भांडण नाही. पण ज्या जमिनीवर हजारो वर्षं गवतच आहे, जिथे जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे जेसीबीने माती उलटीपालटी केली की कुसळी नि पवन्या जातं, त्यावरचे नाकतोडे जातात, चंडोल जातात, सरडे जातात, म्हणजे हॅरियरचं ताटच उचललं. वरून चरातून वाढलेल्या काटेरी झुडपात रात्री कुत्री बसतात, आणि जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला भटकी कुत्री म्हणजे काय ते सांगायला नको. याशिवाय सोलरचे प्लांट, पवनचक्क्या, विजेच्या लाइन. यातलं काही थांबवा म्हणून मी आज लिहीत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की चर कुठे मारायचा हे ठरवताना त्या गटात रातथारा आहे का हे तपासणारं कुणीतरी असू दे, आणि ते तपासायला लागणारा माणूस तुमच्याच खात्यात असू दे.

गवत कापणीचंही तेच. कुरणाचा लिलाव होतो, दिवाळीनंतर कापणी सुरू होते, पुढे फायर लाइन काढतात. हे सगळं गरजेचं आहे, गुरांना चारा पाहिजे, वणवा थांबला पाहिजे. पण नेमकं नोव्हेंबर-डिसेंबरात हॅरियरला गुडघाभर उभं गवत लागतं. मग कोणता पट्टा आधी कापायचा, कोणता फेब्रुवारीपर्यंत उभा ठेवायचा, किती मोठा ठेवला तर पुरतो, मेंढरं बसवली तर चालतं का, उलट मेंढरांनीच गवत चांगलं राहतं का? हे साधे प्रश्न आहेत, एमएस्सीच्या पोराला दोन हिवाळ्यात उत्तर काढता येईल असे, आणि उत्तर आलं की लिलावाच्या अटीत एक ओळ वाढवायची. संशोधन म्हटलं की लोकांना वाटतं परदेशी जर्नल आणि मोठमोठी मशिनं. माळाला लागणारं बरंचसं संशोधन हे असं आहे.

आता एक प्रसंग, कारण तो सांगितल्याशिवाय ट्रेनिंगची गरज कळणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात कापसाच्या कडेला एक हॅरियर मेलेला सापडला, त्याच वर्षीचं पोर असावं, पोटाकडून विटकरी. अंगावर जखम नाही, पंख शाबूत, पायाच्या मुठी घट्ट आवळलेल्या. गळ्याखालची पिशवी हाताला टम्म लागत होती, म्हणजे मरायच्या थोडं आधी भरपेट खाल्लेलं, आणि चोचीत नाकतोड्याची तंगडी अडकलेली. आम्ही हात लावणं बंद केलं, फोटो काढले, फोन केला. आलेले कर्मचारी बिचारे चांगले होते, लांबून मोटरसायकलवर आले, पण त्यांच्याकडे ना पिशवी, ना बर्फ, ना नमुना कुठे पाठवायचा त्याचा पत्ता. वर फोन लावला, वरून सांगितलं पंचनामा करा आणि जाळून टाका. जाळला. तो कशाने मेला ते आज कुणीच सांगू शकत नाही. मी त्या कर्मचाऱ्यांना अजिबात दोष देत नाही, त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं की मेलेला शिकारी पक्षी हा पुरावा असतो.

आणि हा पुरावा किती मोठा असतो त्याची गोष्ट अर्जेंटिनाची आहे. स्वेन्सन्स हॉक नावाचा पक्षी उत्तर अमेरिकेत पिल्लं काढतो आणि हिवाळ्यात दक्षिणेत जातो. कॅलिफोर्नियात त्याची संख्या कमी होत होती आणि कारण सापडत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात काही पक्ष्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले, म्हणजे उपग्रहावरून ठावठिकाणा सांगणारी छोटी यंत्रं, ते पक्षी अर्जेंटिनातल्या शेतांत गेले, मागोमाग संशोधक गेले आणि त्यांना झाडांखाली मेलेल्या पक्ष्यांचे ढीग दिसले. १९९५-९६ च्या एकाच हंगामात हजारो मेलेले मोजले आणि एकूण आकडा वीस हजारांच्या आसपास असावा असा अंदाज निघाला. कारण होतं मोनोक्रोटोफॉस, नाकतोडे मारायला फवारलेलं. पक्षी मरते नाकतोडे खायला गोळा होत आणि स्वतः मरत. मग तिथल्या सरकारी कृषी संस्थेने शेतकऱ्यांना धरून शिकवलं, औषध मागे घेतलं गेलं, आणि पुढच्याच हंगामात मरण झपाट्याने खाली आलं. टॅग, शवविच्छेदन, लॅब, शेतकऱ्याचं प्रशिक्षण, या चारीतली एक कडी जरी तुटली असती तरी हे झालं नसतं.

मोनोक्रोटोफॉस हे नाव यवतमाळच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१७ साली फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यात हेही होतं. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी आणि २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या ३६ टक्के द्रावणालाही टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. पण त्याच्या जागी जे येतं ते काय करतं? आपल्या कापसात, तुरीत नाकतोडे खाणाऱ्या हॅरियरच्या पोटात काय जातं? शेतात फवारणाऱ्या बाईच्या पोटात जातं तेच बहुतेक. म्हणजे हा पक्षी तपासला तर माणसाच्याही उपयोगाची माहिती हाताशी येईल. राज्यात पशु आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, कृषी विद्यापीठं आहेत, लॅब आहेत. नाही तो फक्त शेताच्या बांधापासून लॅबच्या टेबलापर्यंतचा रस्ता.

गिधाडांच्या बाबतीत आपण हे एकदा भोगलंय. भरतपूरला पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी वर्षानुवर्षं घरटी मोजली होती म्हणून नव्वदच्या दशकात गिधाडं कोसळतायत हे आकड्यानिशी कळलं. २००४ मध्ये जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध कारण म्हणून सिद्ध झालं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. पुढे राजस्थानात मेलेल्या स्टेप ईगलमध्येही डायक्लोफेनॅक सापडलं, म्हणजे हे औषध नुसत्या गिधाडांपुरतं नव्हतं, थंडीत आपल्याकडे मेलेल्या जनावरावर उतरणारा पाहुणा गरुडही त्यात गेला. जिथे मोजणारा माणूस होता तिथून धोक्याची घंटा वाजली. आपल्या माळावर ती वाजवायला कोण आहे?

आता नागालँडचं सांगतो, कारण ट्रेनिंग आणि संशोधन गावाबरोबर केलं की काय होतं ते तिथे दिसलं. अमूर ससाणा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा पक्षी, सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून ईशान्य भारतात थांबतो, मग आख्खा भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत जातो. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये वोखा जिल्ह्यातल्या दोयांग धरणाजवळ जाळ्यांमध्ये हजारोंनी पकडले जात असल्याचं बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सु या चौघांनी जगासमोर आणलं, रोजचे बारा ते चौदा हजार असा त्यांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी तिथे शिकार शून्यावर आली. पांगती आणि आजूबाजूच्या गावांनी स्वतः ठराव केले, चर्चमधून सांगितलं गेलं, शाळांत इको क्लब निघाले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि हंगेरीच्या संशोधकांनी तीन पक्ष्यांना पाच-पाच ग्रॅमचे टॅग लावले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी सोमालियाच्या वर पोचला हे पांगतीतल्या पोराला मोबाइलवर दिसलं की त्या पोराला आणखी भाषण द्यायची गरज उरत नाही. ज्यांच्या हातात जाळी होती त्यातलेच पुढे राखण करायला लागले.

हा अमूर ससाणा आपलाही आहे बरं का. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या आसपास तो दिसतो, फोटोग्राफर मंडळींची झुंबड असते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपूरमधून टॅग लावून सोडलेल्या तीन पक्ष्यांपैकी अपापांगने पाच दिवस आणि पंधरा तासांत सुमारे ६१०० किलोमीटर कापून केनिया गाठलं, आणि अलांग नावाची तरुण मादी तेलंगणात एक रात्र आणि आपल्या महाराष्ट्रात काही तास थांबून पुढे केनियात पोचली. काही तास! समुद्र ओलांडायच्या आधीचा तिचा तो थांबा आपल्या राज्यात झाला. कुठल्या शिवारात, तिथे उडत्या वाळव्या होत्या की चतुर, तिच्याबरोबर आणखी किती होते, हे त्या दिवशी जाऊन बघणारा प्रशिक्षित माणूस त्या तालुक्यात असता तर केवढं कळलं असतं. देहरादूनहून माणूस येईपर्यंत पक्षी आफ्रिकेत असतो. अशा वेळी जवळच्या वनरक्षकालाच जावं लागतं, आणि तो शिकलेला असावा लागतो.

म्हणून माझा सगळा भर ट्रेनिंगवर आहे. कुंडलच्या प्रबोधिनीत दर वर्षी वनविभागाच्या लोकांचं प्रशिक्षण होतं, कुंडल स्वतः सांगली जिल्ह्यात, कडेगाव-आटपाडीचे माळ तासा-दोन तासावर. तिथल्या अभ्यासक्रमात शिकारी पक्ष्यांचा एक खरा भाग टाका, आणि खरा म्हणजे वर्गात स्लाइड दाखवून नाही. एक आठवडा माळावर. पॅलिड आणि माँटेग्यू वेगळे कसे ओळखायचे, नर सोपा आहे, माँटेग्यूच्या पंखावर आडवी काळी रेघ आणि पॅलिडच्या पंखाच्या टोकाला नुसती काळी पाचर, पण मादी आणि पोर भल्याभल्यांना चकवतं, त्यासाठी मानेभोवतीची फिकट पट्टी, पंखाची बोटं, उडायची ढब असं सगळं पुन्हा पुन्हा बघावं लागतं. रातथारा कसा शोधायचा, संध्याकाळी हॅरियर ज्या दिशेने जातोय ती रेघ दोन-तीन जागांहून नकाशावर मारली की रेघा जिथे भेटतात तिथे. पक्षी उठवायचे नाहीत, सकाळी ते गेल्यावरच गवतात जायचं. गवतात पडलेली पेलेट म्हणजे पक्ष्याने ओकून टाकलेली न पचलेली गोळी, ती उचलून पाण्यात भिजवली आणि चिमट्याने सोडवली की आत काय निघतं, नाकतोड्याचे जबडे, सरड्याचे खवले, चंडोलाची पिसं, उंदराचे दात. भिंग आणि दोन बशा एवढंच सामान लागतं. जेवणाचा पूर्ण हिशोब त्यात असतो. दहावीची मुलंसुद्धा हे तासन्‌तास करतात, मी बघितलंय, जेवायला बोलावलं तरी उठत नाहीत.

पुढच्या पायरीवर पक्षी पकडणं, पायात ओळखीची कडी घालणं, टॅग लावणं. इथे मात्र घाई नको, हे काम परवान्याशिवाय आणि नीट शिकल्याशिवाय करूच नये. टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या वर जायला नको हा जगभरचा पाळला जाणारा दंडक आहे, माँटेग्यूचा नर जेमतेम पावशेराचा, म्हणजे सात-आठ ग्रॅमच्या आत सगळं बसायला हवं, पट्टे धरून. दोरी जरा घट्ट झाली की पक्षी मेला, सैल झाली की पंख अडकला. हे हात वर्षभर कुणाच्या तरी शेजारी बसूनच तयार होतात. आणि एक सांगतो, अभिमानाने सांगतो, जगभरचे रॅप्टर संशोधक शिकारी पक्षी पकडायला जो फासांचा छोटा पिंजरा वापरतात तो बाल-छत्री, तो मुळात भारतीय बाजदारांचा आहे, अमेरिकेतल्या संशोधकांनी तो आपल्याकडून घेतला. अवजार आपलं आणि आज ते वापरायला शिकायचं तर पोराला परदेशी शिष्यवृत्ती शोधावी लागते. हे बदला ना.

परवान्याचं बोललो म्हणून तेही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम १२ खाली संशोधनासाठी परवानगी देता येते, अनुसूची १ मधल्या जातीला केंद्राचीही लागते, आणि ती काळजी योग्यच आहे, उद्या कुणीही जाळं घेऊन माळावर यायला नको. पण हॅरियर ऑक्टोबरला येतो आणि एप्रिलला जातो, आणि कागद डिसेंबरला आला तर त्या पोराचं वर्ष गेलं. नुसती मोजणी, पेलेट, पडलेलं पीस, मेलेला पक्षी, यासाठी जूनपर्यंत अर्ज आणि सप्टेंबरपर्यंत उत्तर एवढं वेळापत्रक बांधून द्या. हो किंवा नाही, काहीही, पण सप्टेंबरपर्यंत.

पैसे कुठून हा प्रश्न येणारच. कॅम्पाचा म्हणजे भरपाई वनीकरणाचा निधी आहे, जिल्हा नियोजनचा आहे, कंपन्यांचा सीएसआर आहे. आणि खर्च खरंच फार नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे, तिथे लोक स्थलांतर करणारे ससाणे-गरुड गोळ्या घालून मारायचे, १९३४ मध्ये रोझली एज या बाईने तो डोंगर ताब्यात घेऊन शिकार बंद केली, मोजणी सुरू झाली आणि आज जगभरातली तरुण मुलं तिथे काही महिने राहून शिकारी पक्ष्यांचं संशोधन शिकून आपापल्या देशात परत जातात. जॉर्जियातल्या बातुमीला २००८ पासून दर शरद ऋतूत स्वयंसेवक डोंगरावर बसून मोजतात, दहा लाखांच्या वर पक्षी. शेजारच्या नेपाळात थुलोखर्कला स्टेप ईगलची मोजणी चालते. या सगळ्या ठिकाणी खरी गुंतवणूक दुर्बीण, टेलिस्कोप, वही आणि दर वर्षी परत येणारी माणसं हीच आहे. आमच्याकडे दर वर्षी परत येणारी माणसं आधीच आहेत. धनगर आहेत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाडे हलवणारा माणूस सगळा माळ पायाखाली घालतो, कुठे गवत उभं आहे, कुठे कुत्री वाढलीत, कुठे "ते पांढरं घारीवाणी" संध्याकाळी उतरतं हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याकडून शिका, त्याला मानधन द्या, त्याच्या पोरीला केंद्रात नोकरी द्या. तिला इंग्रजी येत नाही म्हणून ती संशोधनात कमी पडेल असं कृपा करून समजू नका. ओळखीची पुस्तिका मराठीत करा, फॉर्म मराठीत करा, ट्रेनिंग मराठीत करा.

देशाने शब्दही दिलेला आहे. सीएमएस म्हणजे स्थलांतरित जातींच्या जागतिक करारात भारत १९८३ पासून आहे, आणि आफ्रिका-युरेशियातल्या स्थलांतरित शिकारी पक्ष्यांसाठीच्या रॅप्टर एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर, मार्च २०१६ मध्ये आपण सही केली. त्या वेळी सरकारनेच सांगितलं होतं की त्यातल्या ७६ जातींपैकी ४६ भारतात आढळतात. तो एमओयू कायद्याने बांधत नाही, पण त्याच्या कृती आराखड्यात देखरेख, संशोधन आणि माणसं तयार करणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२० मध्ये गांधीनगरला सीएमएसची मोठी परिषद झाली, शुभंकर माळढोक होता. आपल्या नान्नजचा माळढोक आज जवळपास दिसेनासा झालाय. सोलापूरच्या माणसाला ते आठवलं की आजही पोटात तुटतं. तो होता तेव्हा त्याच्याबरोबर तेच गवत हॅरियरलाही मिळत होतं, आता हॅरियर एकटा उरलाय आणि त्याच्यासाठी कुणी अभयारण्य मागत नाहीये, निदान आकडे तरी मागूया.

विद्यापीठांना स्वतंत्रपणे दोन शब्द. सोलापूर, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर, तुमच्या दारात माळ आहे. दर वर्षी एमएस्सीची मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात आणि शेवटी कॅम्पसमधल्या पक्ष्यांची यादी करून मोकळी होतात. त्यातल्या चार-पाच मुलांना एकाच रातथाऱ्यावर, एकाच पद्धतीने, एकामागून एक वर्षं बसवा. दहा बॅचेस झाल्या की महाराष्ट्राकडे दहा वर्षांची मालिका असेल. त्यातले आकडे कुणाच्या कपाटात ठेवू नका, वनविभागाला द्या, गावाला द्या, रातथाऱ्याची नेमकी जागा तेवढी जाहीर करू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पन्नास कॅमेरे गवतात उभे असतील.

आता ठोस. येत्या जूनमध्ये पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, सांगली या पाच जिल्ह्यांचे डीएफओ म्हणजे विभागीय वनाधिकारी, कुंडलची मंडळी, विद्यापीठांचे प्रतिनिधी आणि माळावर काम करणारे लोक यांची एक बैठक लावा. त्यात तीन रातथारे ठरवा, तिथलं गवत या हिवाळ्यात फेब्रुवारीपर्यंत कापायचं नाही असा आदेश काढा, मेलेल्या शिकारी पक्ष्याचा नमुना कुणी, कशात, कुठल्या लॅबला पाठवायचा त्याचं एका पानाचं परिपत्रक प्रत्येक रेंजला द्या, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिलं शिबिर ठेवा, म्हणजे ऑक्टोबरात पक्षी उतरतील तेव्हा माणसं तयार असतील. शिबिराला शिकवायला, दुर्बिणी आणायला, जेवण रांधायला आम्ही येतो, मानधन नको. बैठकीची तारीख तेवढी कळवा.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक पक्षीनिरीक्षक